हाताआधी पाय

दादरच्या शिवाजी पार्कवर किंवा चर्चगेटजवळच्या ओव्हल मैदानावर सरावाच्या वेळी गोलंदाजांना जे सल्ले दिले जातात, ते पिढ्यान्‌पिढ्या फारसे बदललेले नाहीत. चेंडू आखूड पडला की "खांदा लाव", फुलटॉस पडला की "चेंडू लवकर सोडू नकोस", लेगच्या यष्टीबाहेर गेला की "हात सरळ ठेव". हे सगळे सल्ले हाताविषयीचे आहेत. सल्ला देणाऱ्याचे लक्ष हातावर असते, आणि चेंडू हातातूनच सुटत असल्यामुळे दोषही हाताचाच, असा सोपा न्याय लावला जातो. वास्तविक गोलंदाजाची वेळ चुकते ती बहुधा हात वर येण्याच्या पुष्कळ आधी, पायांपाशी. फलंदाजाच्या टायमिंगचे कौतुक करताना मुंबईला कधी शब्द अपुरे पडले नाहीत. गोलंदाजालाही टायमिंग असते आणि ते शिकवता येते, ही गोष्ट मात्र येथे अजून पुरतेपणी मान्य झालेली दिसत नाही.

ज्या शहराने रमाकांत देसाई पाहिले, त्या शहराला तरी हे उमजायला हवे होते. उंची साडेपाच फुटांच्या आतली, अंगलट किरकोळ, त्यामुळे 'टायनी' हे टोपणनाव कायमचे चिकटलेले. 1958-59 च्या पहिल्याच रणजी मोसमात देसाईंनी 50 बळी घेतले. त्याच मोसमात, फेब्रुवारी 1959 मध्ये, दिल्लीच्या कसोटीत वेस्ट इंडीजच्या तगड्या फलंदाजांपुढे ते उभे राहिले आणि 49 षटके टाकून 169 धावांत 4 बळी मिळवले. त्या काळच्या आपल्याकडील खेळपट्ट्या वेगवान गोलंदाजाला काही देणाऱ्या नव्हत्या. तरीही या लहानखुऱ्या माणसाचा उसळता चेंडू भल्याभल्यांच्या छातीशी येई. हा वेग आला कोठून? दंडाच्या बळातून तो येणे शक्य नव्हते, कारण तेवढे बळ त्या दंडात नव्हते. धावण्यातून मिळालेली गती वाटेत न सांडता चेंडूपर्यंत पोचवण्याची किमया त्या शरीराला साधली होती. उंच गोलंदाजाची वेळ थोडी चुकली तरी त्याची उंची त्याला सांभाळून घेते. लहान चणीच्या गोलंदाजाला अशी उधारी मिळत नाही.

पुढे चाळीस वर्षांनी शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यांच्या हाताखाली तयार झालेल्या अजित आगरकरने हीच गोष्ट पुन्हा दाखवली. 1998 मध्ये त्याने एकदिवसीय सामन्यांतील पहिले 50 बळी अवघ्या 23 सामन्यांत मिळवले. तो त्या वेळचा विक्रम होता. काडीसारख्या अंगाच्या या मुलाकडे इतका वेग कसा, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले. देसाई विस्मरणात गेले नसते तर ते इतके वाटले नसते. (दोघेही पुढे राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले, हा योगायोग निराळा.)

गोलंदाजाची वेळ म्हणजे नेमके काय, हे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. उजव्या हाताचा मध्यमगती गोलंदाज समोर आणावा. तो धावत येतो, क्रीजजवळ लहानशी उडी घेतो, उजवा पाय टेकवतो, मग डावा पाय पुढे पडतो, डावा हात खाली ओढला जातो, कंबर वळते, तिच्या मागोमाग खांदे वळतात, धड पुढे झुकते, आणि सगळ्यांत शेवटी उजवा हात कानाजवळून येऊन चेंडू सोडतो. डावा पाय पडल्यापासून चेंडू सुटेपर्यंतचा काळ वेगवान गोलंदाजाच्या बाबतीत सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. एवढ्या अवधीत धावणाऱ्या देहाची सगळी गती जमिनीपासून वर चढत, एका अवयवाकडून दुसऱ्याकडे जात, बोटांच्या टोकाशी पोचावी लागते. खालचा अवयव थांबला की त्याची गती वरच्याला मिळते. वरचा अवयव आधीच निघून गेला असेल तर द्यायला गती आहे, पण घ्यायला कोणी नाही, अशी अवस्था होते.

परळ-लालबागच्या गिरण्यांत साच्यांवर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती. ताण्याचे धागे वरखाली होऊन मध्ये वाट उघडते, आणि मगच धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे झेपावतो. वाट पुरती उघडण्याआधी धोटा सुटला तर धागे तुटतात आणि साचा थांबवावा लागतो. अशा वेळी जाणता साचेवाला धोटा अधिक जोराने मारण्याच्या भानगडीत पडत नसे. तो क्रम तपासायचा. 1982 च्या संपानंतर त्या परिसरातील साचे एकामागून एक शांत झाले. नाहीतर गोलंदाजी शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याला घेऊन एक फेरी तेथे मारावी, असे सुचवता आले असते.

आता हाताविषयीचे सल्ले निरुपयोगी का ठरतात, याचा हिशेब मांडून पाहावा. ताशी 130 किलोमीटर वेगाने टाकलेल्या चेंडूच्या वेळी हात इतक्या झपाट्याने फिरत असतो की चेंडू सुटण्यात सेकंदाच्या हजाराव्या भागाचा फरक पडला तरी, ढोबळ हिशेबाने, टप्पा मीटरभर पुढेमागे सरकतो. चांगल्या टप्प्याचा चेंडू आणि हाफव्हॉली यांत अंतर तेवढेच असते. उलट डोळ्यांनी पाहून किंवा कानांनी ऐकून शरीराने प्रतिसाद देण्यास माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. म्हणजे "चेंडू जरा उशिरा सोड" हा सल्ला अमलात आणणे मनुष्यदेहाच्या आवाक्यातले नाही. हात निघाल्यावर त्याला कोणी सांभाळू शकत नाही. तो योग्य वेळी निघेल अशी व्यवस्था त्याच्या आधीच्या हालचालींनी केली तरच तो योग्य वेळी पोचतो. बापू नाडकर्णींनी जानेवारी 1964 मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध 32 षटकांत 27 निर्धाव टाकून अवघ्या 5 धावा दिल्या, त्यांपैकी 21 षटके लागोपाठ निर्धाव होती. ते खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर टप्पा टाकण्याचा सराव करीत, ही कथा सर्वश्रुत आहे. नाण्याची गोष्ट सर्वांच्या लक्षात राहिली; त्या नाण्यापर्यंत चेंडू नेणारी पावले दर वेळी एकाच जागी पडत असली पाहिजेत, हे मात्र कोणी सांगत नाही.

विज्ञानाने अलीकडे या बाबीला दुजोरा दिला आहे. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातील संशोधकांनी 20 वेगवान गोलंदाजांच्या हालचालींचे सूक्ष्म मापन करून 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोलंदाजा-गोलंदाजांतील वेगाच्या फरकाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग केवळ चार गोष्टींनी उलगडतो, असे त्यांना आढळले: धावण्याचा वेग, पुढचा पाय गुडघ्यात न वाकणे, धडाचे पुढे झुकणे, आणि पुढचा पाय पडतो त्या क्षणी गोलंदाजीचा हात अजून मागे असणे. यांतली चौथी गोष्ट मोठी मोलाची आहे. जलद गोलंदाजाचा हात निघतो उशिरा, म्हणूनच तो पोचतो वेगाने. "हात जोरात फिरव" असे सांगितलेला मुलगा नेमके याच्या उलट करतो. त्याचा हात पाय पडण्याआधीच निघतो, पाय पडेपर्यंत डोक्यावर येऊन बसतो, आणि मग धावण्याची सारी मेहनत खेळपट्टीच्या मातीत जिरते. मुलगा दमतो, चेंडू मात्र रेंगाळत जातो.

मग वेळ सुधारायची कशी? पहिली पायरी स्टार्टची. मुंबईच्या मैदानांवर रनअपला 'स्टार्ट' म्हणतात, आणि तो शब्द मोठा अन्वर्थक आहे. पुष्कळ मुले आपली स्टार्ट कोणा नामांकित गोलंदाजाची पाहून ठरवतात, किंवा मागे जागा असेल तेवढी घेतात. ती ठरवण्याची जुनी आणि बिनखर्ची रीत अशी: गोलंदाजाने क्रीजवर उभे राहून खेळपट्टीकडे पाठ करावी आणि उलट दिशेने मोकळे धावत सुटावे. जेथे शरीराला आपोआप उडी घेऊन चेंडू टाकावासा वाटतो, तेथे सोबत्याने खूण करावी. असे आठ-दहा वेळा केले की खुणा एका जागी जमू लागतात. क्रीजपासून त्या जागेपर्यंतचे अंतर ही त्या मुलाची स्वतःची स्टार्ट. ती पावलांनी मोजून ठेवावी आणि उंची वाढेल तशी दर मोसमात पुन्हा तपासावी. नो-बॉलचा रोगही बहुतांशी येथेच बरा होतो. देसाईंच्या पहिल्या वर्षांत नो-बॉलचा निर्णय मागच्या पायावरून होत असे. पुढे नियम बदलून तो पुढच्या पायावर आला, आणि पावलांच्या बेशिस्तीची शिक्षा लगेच मिळू लागली.

दुसरी पायरी म्हणजे धावणे तात्पुरते बाजूला ठेवणे. आधी जागच्या जागी उभे राहून, मग एक पाऊल टाकून, मग तीन पावले चालत येऊन चेंडू टाकावा. वेगाचा मोह नसला म्हणजे क्रम ध्यानात येतो. पुढचा पाय टेकल्याची जाणीव तळव्याला झाल्यावर डावा हात ओढायचा आणि उजव्याला त्याच्यामागून येऊ द्यायचे, एवढेच पथ्य. येथे डाव्या हाताचे माहात्म्य मुद्दाम सांगितले पाहिजे. तो गोलंदाजाचा लगाम आहे. तो आधीच बाजूला कोसळला की खांदे उघडतात आणि चेंडू लेगला जातो, आणि शिव्या खातो तो बिचारा उजवा हात. चालत टाकलेले चेंडू मुलांना अपमानास्पद वाटतात, कारण समोरचा फलंदाज ते सहज टोलवतो. म्हणून हा सराव फलंदाजाशिवाय, एका यष्टीवर करावा.

बांधलेली वेळ मोठ्या वयातही सुधारता येते, याचे ठळक उदाहरण झहीर खानचे आहे. श्रीरामपूरहून मुंबईत आलेल्या या डावखुऱ्या मुलाला सुधीर नाईक यांनी आपल्या नॅशनल क्रिकेट क्लबात घडवले. पुढे मद्रासच्या एमआरएफ प्रबोधिनीतही तो शिकला. भारतीय संघातून बाहेर फेकला गेल्यावर 2006 मध्ये तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून खेळला. तेथे त्याने स्टार्ट आखूड केली, आठवड्यामागून आठवडे ओव्हर टाकल्या आणि त्या मोसमात कौंटी स्पर्धेत 78 बळी घेतले. धाव कमी केल्यावर वेग कमी होईल हे भय स्वाभाविक असते. परंतु जी गती शरीराला पुढच्या पायावर पेलता येत नाही, ती असून नसल्यासारखीच. 2011 च्या विश्वचषकात त्याने 21 बळी घेतले, ते या पुनर्रचित गोलंदाजाने.

फिरकी गोलंदाजांना हे सर्व लागू नाही, असे समजणे चूक होईल. शिवाजी पार्क जिमखान्याचे पद्माकर शिवलकर हे त्याचे उत्तर होते. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासच्या चेपॉकवर त्यांनी तामिळनाडूचे पहिल्या डावात 16 धावांत 8 आणि दुसऱ्या डावात 18 धावांत 5 गडी बाद केले. पाच दिवसांचा सामना तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर संपला. प्रथम श्रेणीत 589 बळी घेऊनही शिवलकरांना कसोटीचे दार उघडले नाही. मार्च 2025 मध्ये ते निवर्तले तेव्हा सर्वांनी याच अन्यायाची उजळणी केली आणि ते योग्यच होते. पण त्या भरात त्यांच्या कलेकडे दुर्लक्ष झाले. चार पावले, पुढच्या पायावरची गिरकी, आणि देह फिरून आल्यावर मग येणारा हात. सकाळच्या पहिल्या षटकात जी लय, तीच संध्याकाळच्या अखेरच्या षटकात. शिवलकर गातही असत, हे अनेकांना ठाऊक आहे. समेवर येण्याची घाई करू नये हे गायकाला वेगळे शिकवावे लागत नाही.

मग या शहरातील गोलंदाजाला ही विद्या पद्धतशीरपणे का मिळत नाही? त्याचे कारण आपल्या जाळीच्या संस्कृतीत आहे. जाळी फलंदाजासाठी लावली जाते. गोलंदाज तेथे फलंदाजाच्या सेवेला असतो. पळवणकर बाळू हे आपल्याकडील पहिले थोर गोलंदाज. पुढे 1937 साली भायखळा-परळ मतदारसंघात डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडणुकीस उभे राहिलेले ते हेच. पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर नोकरीस असताना ते तासन्‌तास साहेबांना चेंडू टाकीत. बॅट हाती येण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याला बाद केल्यास दर खेपेस आठ आणे, असा करार जे. जी. ग्रेग या साहेबाने त्यांच्याशी केला होता, असे सांगतात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी 114 बळी घेतले, त्याची तयारी या परक्या जाळीत झाली. नंतर कैक दशकांनी शिवाजी पार्कवर आचरेकर सर यष्टीवर रुपया ठेवीत. सचिन तेंडुलकरला बाद करणाऱ्याला तो मिळे, नाहीतर सचिनला. ते रुपये सचिनने जपून ठेवले, हे सर्वांना माहीत आहे. त्या संध्याकाळी त्याला चेंडू टाकणारे कोण होते, हे कोणाला माहीत नाही. आठ आण्यांचा रुपया झाला, एवढाच काय तो बदल.

जाळीत राबणाऱ्या या मुलाकडे कोणी बाजूने पाहत नाही, हे खरे दुखणे आहे. सर पंचाच्या जागी किंवा फलंदाजाच्या मागे उभे असतात. तेथून दिशा दिसते, टप्पा दिसतो, क्रम दिसत नाही. क्रम पाहायचा तर क्रीजच्या रेषेत, वीस पावले बाजूला उभे राहावे लागते. आज तर हे काम घरोघरी असलेल्या मोबाइलचा संथगती कॅमेरा करू शकतो. पुढचा पाय टेकला त्या चित्रावर थांबावे आणि हात कोठे आहे ते पाहावे. मागे असेल तर ठीक; कानाशी आला असेल तर पुढचे सारे सल्ले व्यर्थ. शाळेतील क्रीडाशिक्षकाला याहून अधिक यंत्रसामग्रीची गरज नाही.

ही केवळ बळींची आणि धावांची बाब असती तर एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. पुढचा पाय पडताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्यावर येतो आणि तो पाठीच्या कण्यापर्यंत चढतो. कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला, अशी उलटसुलट फिरत असलेल्या कोवळ्या वयाच्या गोलंदाजांत कमरेच्या मणक्याला तडा जाण्याचे प्रमाण अधिक असते, हे ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांनी 1980 च्या दशकापासून दाखवून दिले आहे. डेनिस लिलीसारख्या पहाडी माणसालाही 1973 मध्ये मणक्याच्या अशाच दुखापतीने मैदानाबाहेर बसवले होते. शिवाय दमलेल्या मुलाची पहिली गोष्ट बिघडते ती वेळ: आधी पुढचा गुडघा खचतो, मग गेलेला वेग भरून काढण्यासाठी हात घाई करतो, मग पाठ वाकडी होते. इंग्लंडमध्ये वयोगटानुसार एका स्पेलमध्ये आणि एका दिवसात किती षटके टाकावीत याची मर्यादा घालून दिली आहे. आपल्याकडे शालेय सामन्यात चांगला गोलंदाज सापडला की तो संपेपर्यंत त्यालाच ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी जाळीत फलंदाजांसाठी पुन्हा बोलवायचे, ही रीत अजून गेलेली नाही. रमाकांत देसाई 28 कसोटी आणि 74 बळींनंतर 1968 मध्ये, वयाची तिशी गाठण्याआधीच, कसोटी क्रिकेटमधून बाहेर पडले. इतकी वर्षे एका टोकाने तो किरकोळ देह जवळजवळ एकट्याने राबवला गेला होता.

जागेची अडचण आहे, हे खोटे नव्हे. आझाद मैदानावर वीसहून अधिक खेळपट्ट्या एकमेकींना खेटून आहेत. एका सामन्याच्या गोलंदाजाच्या स्टार्टवर दुसऱ्या सामन्याचा क्षेत्ररक्षक उभा असतो. गिरगावच्या वाड्यांत आणि लालबागच्या चाळींच्या पटांगणांत धावायला दहा पावलेही मिळत नाहीत. तेथे हलक्या टेनिस चेंडूला जी घाई चालून जाते, ती 156 ग्रॅमच्या सीझन बॉलला चालत नाही. पण अडचणीचाही उपयोग करून घेता येतो. 1948 पासून भर पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमध्ये ओल्या जमिनीवर लांब स्टार्ट घेताच येत नाही. निसरड्यावर पाय जपून, पुरता टेकवून टाकावा लागतो, आणि हात आपसूक थांबतो. जुलैत आठ पावलांवरून अचूक टप्पा टाकणारा गोलंदाज ऑक्टोबरात कोरड्या मैदानावर पुन्हा पंचवीस पावलांची स्टार्ट मोजतो, आणि पहिल्याच षटकात पंचाचा हात नो-बॉलसाठी आडवा होतो. त्या आठवड्यात त्याने पावसाळ्यातल्याच खुणेपासून सुरुवात करून दर सरावाला दोन-दोन पावले वाढवत गेले, आणि जेथे पुढचा पाय डळमळू लागेल तेथे थांबले, तर त्याची स्टार्ट बहुधा पंधरा-सोळा पावलांवर येऊन ठरेल.